सरलाबाईंना वन्स मोअर

बसा. दिवा मालवू नका; वात थोडी कमी केली तरी पुरे. मी सांगणार आहे ते कोठे वाचलेले नाही. ज्यांच्यावर हे ओढवले त्यांच्या शेजारी मी अकरा वर्षे राहिलो, आणि आधी त्यांच्या पत्नीकडून व पुढे त्यांच्या पाटीवरून ते मला थोडे थोडे करून समजले. पाटी कशासाठी, ते ओघात येईलच.

त्यांचे नाव चिंधा मास्तर. मूळ गाव अमळनेरकडचे. आधीची तीन भावंडे गेल्यावर हे जन्मले, म्हणून आईने मुद्दाम असे टाकाऊ नाव ठेवले, की मृत्यूची नजर पडू नये. सुरतेत उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या लहान कारखान्यात, ते यंत्रमागांचे मास्तर होते. खात्याच्या माडीवर त्यांची दोन खोल्यांची बिऱ्हाडवजा जागा. खाली सोळा माग, रात्रंदिवस चालणारे. कोणता माग उद्या बिघडणार, हे मास्तर आज नुसत्या आवाजावरून सांगत. त्यांची सारी प्रतिष्ठा, आणि भाकरीही, त्या दोन कानांवर उभी होती.

आणि ते कान जात होते.

वीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढल्यावर दुसरे काय होणार? पण मास्तरांनी ते कोणालाही कळू दिले नाही. पान्याचे एक टोक मागाला लावायचे, दुसरे दातांत धरायचे. दातांतून जे समजे त्यावर ते निदान करीत. पाहणाऱ्यांना ती त्यांची विद्या वाटे. आणि माणसांशी बोलताना त्यांनी एक सवय लावून घेतली होती. समोरच्याच्या ओठांकडे पाहायचे, आणि वाक्य समजले नाही तर हसून मान डोलवायची. "हो, हो." बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

त्यांना एकच नाद. संगीत नाटकांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा. लाखेच्या, जड, हातातून निसटली तर कपच्या उडणाऱ्या. त्यांत एक नाटक त्यांच्या जिवाचे. 'संगीत पद्मरेखा'. त्यांचे वडील मोट हाकताना त्यातली पदे म्हणत. हे सबंध नाटक बारा ध्वनिमुद्रिकांत निघाले होते. चौदा वर्षे जुने बाजार आणि भंगाराची दुकाने धुंडाळून मास्तरांनी अकरा मिळविल्या. राहिली ती बारावी. कान पुरते जाण्यापूर्वी नांदीपासून भरतवाक्यापर्यंत ते नाटक एकदा सलग ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मुदत दिली होती वर्षाची, फार तर दीड वर्षाची.

सन १९९३, नोव्हेंबरची सव्वीस तारीख, शुक्रवार. त्रिपुरी पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आलेली. दत्तू भंगारवाल्याने पत्ता दिला होता : चलथाण स्थानकामागे मालतीबाई म्हणून एक वृद्ध बाई राहतात, तरुणपणी नाटक मंडळीत होत्या, त्यांच्याकडे बारावी आहे. मास्तर संध्याकाळी पाचच्या सुमारास भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले. हातात रिकामी पिशवी, पिशवीत ध्वनिमुद्रिका गुंडाळायला पंचा.

चलथाणला उतरताच साखर कारखान्यातील उकळत्या रसाचा वास आला. घर रुळांपासून वीस पावलांवर होते. दार उघडे. ओट्यावर बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. गोऱ्या, सुरकुतलेल्या, सत्याहत्तर वर्षांच्या. दाराच्या चौकटीला एक दगडी पाटी टांगलेली होती, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. घरात नातवंड असेल, असे मास्तरांना वाटले.

"मी उधन्याहून आलोय. दत्तूनं पाठवलं," मास्तर म्हणाले.

"हो ना, यंदा थंडी लवकर पडली," बाई म्हणाल्या.

आपणच चुकीचे ऐकले असावे, असे समजून मास्तर हसले. "हो, हो."

"चहा घ्याल की कॉफी?"

"नाही, एकटाच आलोय."

"मग चहाच टाकते."

असा तो संवाद चालला. मास्तर बाईंच्या ओठांकडे पाहत होते, आणि बाई मास्तरांच्या. दोघेही हसत होते, दोघेही माना डोलवीत होते. पण मास्तरांनी "पद्मरेखा" असे एकेक अक्षर सुटे करून म्हटले, तेव्हा बाईंचा हात सुपातच थांबला.

"बारावी हवी तुम्हाला," त्या म्हणाल्या. आवाज एकाएकी मोठा, सपाट. एकेक शब्द मास्तरांना स्पष्ट ऐकू आला. "सरलाबाईंची."

मास्तरांनी मान हलविली.

"सन छत्तीस. मी वीस वर्षांची. बाईंच्या मागे तंबोरा धरायचे. शेवटच्या अंकात पद्मरेखा विष घेते आणि ते पद म्हणत म्हणत मरते. पद संपलं की लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. वन्स मोअर. की मेलेल्या बाई उठायच्या, पदर सारखा करायच्या, पुन्हा गायच्या, पुन्हा मरायच्या. राजा बिचारा रडायचा थांबून उभा राहायचा. धुळ्याला एका रात्रीत पाच वेळा मेल्या होत्या."

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत.

"रेकॉर्ड भरायला मुंबईला गेलो, तेव्हा अंगात ताप होता बाईंच्या. खोलीत सगळ्यांना ताकीद दिलेली. गाणं संपलं तरी कुणी हूं की चूं करायचं नाही, यंत्रात उतरेल. पद संपलं. सगळे तोंडावर बोट ठेवून. आणि बाई तशाच उभ्या. मला मागून दिसत होतं. मान अशी जराशी तिरकी केलेली. ऐकत होत्या. कुणी म्हणेल म्हणून. कुणीच म्हटलं नाही. मग पडल्या. उठवायला गेलो, तर…"

त्यांनी सुपातला एक खडा टाकून दिला, आत गेल्या, आणि लाल अलवानात गुंडाळलेली ध्वनिमुद्रिका घेऊन आल्या. ती मास्तरांच्या हाती देताना त्या पुन्हा बोलू लागल्या. नेमकी त्याच वेळी घरामागून मालगाडी आली. लांब, भरलेली, ओटा हादरविणारी. मास्तरांना एक अक्षर समजले नाही. बाईंचे ओठ बराच वेळ हलत होते. शेवटी त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणजे काही विचारले होते, एवढे मास्तरांना उमगले. नीट न्याल ना, फोडणार नाही ना, असेच काहीतरी असणार.

"हो, हो," मास्तर म्हणाले, आणि मान डोलविली.

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. पुन्हा तोच प्रश्न विचारल्यासारखे ओठ हलले. गाडी अजून चाललीच होती.

"हो, हो."

बाईंचे डोळे भरून आले. मोलाचे विचारले तर त्यांनी नुसता हात हलविला. मास्तर निघाले, तेव्हा सत्याहत्तर वर्षांच्या त्या बाई खाली वाकल्या आणि तीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले.

मास्तरांना ते बरे वाटले नाही. पण हाती बारावी होती.

घरी पोहोचायला दहा वाजले. प्रमिलाबाई, त्यांच्या पत्नी, ताट वाढून बसल्या होत्या.

"भाकरी थंडी व्हई गयी. पहिले जेवा. तुमनी बाई काय पयी जाई का?"

बाई पळून जात नव्हती, हे खरेच. मास्तर जेवले. ग्रामोफोनची पेटी त्यांनी खिडकीशी मांडली. प्रमिलाबाईंनी आतल्या खोलीत अंथरूण घातले.

"सकायले पाळी शे तुमनी. आते झोपा."

"एकच बाजू," मास्तर म्हणाले. "ऐकतो आणि येतो."

नांदीपासून ऐकायचा बेत त्यांनी रविवारवर ठेवला होता. आज नुसते हे पद. साडेअकराला पाच मिनिटे कमी होती. त्यांनी चावी भरली, नवी सुई बसविली, ध्वनिमुद्रिका फिरू लागली. मग ते नेहमीप्रमाणे वाकले आणि पेटीची लाकडी कड त्यांनी दातांत धरली. हल्ली त्यांचे ऐकणे असेच होते.

तंबोरा लागला. मग बाईंचा आवाज.

मास्तरांनी कड सोडली. सोडावीच लागली, आवाज इतका मोठा होता. ते मागे सरले, खुर्चीत बसले, तरी आवाज तितकाच स्वच्छ. आठ वर्षे त्यांच्यापर्यंत प्रत्येक ध्वनी कापसातून गाळून येत होता. आज त्यांना बाईंच्या बांगडीची किणकिण ऐकू आली. दोन ओळींमधला श्वास ऐकू आला. तापाने कोरडी पडलेली जीभ टाळूला लागल्याचेही ऐकू आले. मास्तर रडू लागले. कान बरे झाले, असे त्यांना वाटले. एवढ्या उशिरा, पण झाले.

पद संपले.

सुईची खरखर यायला हवी होती. आली नाही. त्या जागी श्वास होता. एक, दुसरा… कोणीतरी उभे होते. वाट पाहत होते.

संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाच्या ओठांवर अशा वेळी एकच शब्द येतो. मास्तरांच्याही आला. हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखा.

"वन्स मोअर."

तंबोरा पुन्हा लागला.

मास्तरांनी पेटीकडे पाहिले. सुई मध्यभागी, कागदाच्या कडेला पोहोचलेली. तिथेच डुलत होती. आणि पद पहिल्या ओळीपासून सुरू झाले होते. त्यांनी हात लांब करून सुई उचलली.

गाणे चालू राहिले.

ते पेटीतून येत नव्हते. खोलीच्या मध्यातून येत होते. पेटी आणि खुर्ची यांच्यामधल्या रिकाम्या फरशीवरून.

मास्तर हलले नाहीत. पद संपेपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर त्यांना दुसरी गोष्ट जाणवली. पायाखालची फरशी थरथरत होती, म्हणजे खाली माग चालू होते. सोळाच्या सोळा. पण त्यांचा आवाज नव्हता. कापसातून येणारा तो अंधूक खडखडाटही नव्हता. मास्तरांनी टाळी वाजविली. तळहात झोंबले. आवाज नाही. त्यांनी पत्नीला हाक मारली. घसा ताणला गेला, हे कळले. आवाज नाही.

काहीच नाही. फक्त तो श्वास.

प्रमिलाबाई धावत आल्या. त्यांचे ओठ हलत होते. 'काय' एवढे मास्तरांनी ओळखले. पुढचे नाही. बाईंनी त्यांचा दंड धरून हलविला, पुन्हा विचारले, आणि मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. तो आवाज त्यांना आता आठवतही नव्हता.

तेव्हा त्यांनी एक हिशेब केला. भ्यालेल्या माणसाचा हिशेब. ती गायली तेव्हा कान उघडले होते. ती पुन्हा गायली तर पुन्हा उघडतील. कदाचित तसेच राहतील. प्रमिलाबाईंचा हात दंडावर असताना ते म्हणाले…

"वन्स मोअर."

या वेळी तंबोरा मागे लागला. खुर्चीच्या पाठीमागे. आणि आवाज उजव्या कानाशी. अगदी पाळीला लागून. श्वास ऊन होता. तापातला. मास्तरांनी मान वळविली नाही. प्रमिलाबाई त्यांच्या समोर उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होत्या. त्यांना भिंतीशिवाय काही दिसत नव्हते. पद संपले. शेवटची ओळ इतकी हलकी, की दुसऱ्या कोणासाठी नव्हतीच.

मग ती थांबली. तिथेच.

मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले. आधी ती पेटीत होती. मग खोलीत. मग कानाशी. आणखी एकदा म्हटले तर ती कोठे उभी राहील?

पहाटेच्या पहिल्या गाडीने नवरा-बायको चलथाणला गेली. ध्वनिमुद्रिका त्याच अलवानात गुंडाळलेली. मालतीबाई अंगणात पाठमोऱ्या बसल्या होत्या. ही दोघे अजून पंधरा पावले दूर. मास्तर अनवाणी चालत होते. आवाज काय तो प्रमिलाबाईंच्या बांगड्यांचा.

मालतीबाईंनी मान वळविली. बांगड्यांच्या आवाजाने.

तेवढ्यात घरामागून गाडी गेली. आणि बाईंनी दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले. लहान मूल धरते तसे, डोळे मिटून. गाडी गेल्यावर त्यांनी हात काढले. त्या हसत होत्या. कडुनिंबाकडे बोट करून त्यांनी मास्तरांना काही सांगितले. झाडावर पाखरे असावीत.

मास्तरांना तेव्हा समजले. आदल्या दिवशी त्यांच्याशी बोललेली बाई ठार बहिरी होती.

"मायबाई, हाई परत ल्या. आमले नको," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि पुडके त्यांनी ओट्यावर ठेवले.

मालतीबाईंनी ते हळूच पुढे सरकविले. "ती याच्यात नाही, बाई," त्या म्हणाल्या. "पुढे ही रेकॉर्ड तयार होऊन आली, तेव्हा मीच पहिल्यांदा 'वन्स मोअर' म्हटलं होतं. गाणं चांगलं झालं म्हणून म्हटलं. सत्तावन्न वर्षं झाली." हे प्रमिलाबाईंनी ऐकले. मास्तरांनी त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला.

मग मालतीबाईंनी चौकटीवरची पाटी काढली, तिच्यावर सावकाश लिहिले, आणि ती मास्तरांच्या हाती दिली. अक्षर शाळकरी, सरळ :

'मी विचारले होते, यापुढे तिचे तुम्ही ऐकाल का. तुम्ही दोनदा हो म्हणालात.'

आणि खाली, लहान अक्षरांत :

'पाटी न्या. तुम्हाला लागेल.'

पुढचे थोडक्यात सांगतो. मास्तरकी गेली. ज्या खात्यात ते कानाने माग ओळखत, त्याच खात्यात ते बॉबिनी भरू लागले. बारावी ध्वनिमुद्रिका फोडायचे धाडस झाले नाही. ती लोखंडी पेटीच्या तळाशी गेली. तिची दुसरी बाजू, भरतवाक्याची, त्यांनी कधीच ऐकली नाही. मी संध्याकाळी जाऊन बसे. पाटीवर लिहून आमचे बोलणे होई, आणि थट्टाही होई. "तुमचे हस्ताक्षर तुमच्या मागांपेक्षा वाकडे," असे मी लिही. ते हसत. एकदा मी लिहिले, 'अजून?' मास्तरांनी ते पुसले. मग लिहिले :

'उभी आहे.'

'वन्स मोअर' हा शब्द त्यांनी जागेपणी पुन्हा कधी उच्चारला नाही. भीती होती ती झोपेची. झोपेत माणसाच्या तोंडून काय जाईल, कोणी सांगावे? म्हणून रोज रात्री निजण्यापूर्वी प्रमिलाबाई त्यांच्या तोंडाला पंचा बांधीत. घट्ट, मागे दुहेरी गाठ. दोन वर्षे, एकही रात्र न चुकता.

सन १९९६, जानेवारीची अकरा तारीख, गुरुवार. पहाटे साडेपाचला प्रमिलाबाईंनी माझे दार वाजविले. त्या रडत नव्हत्या.

मी आत गेलो. मास्तर रोज उजवा कान उशीत दाबून निजत; आज ते डाव्या कुशीवर होते. उजवा कान वर. देह गार पडला होता. चेहरा शांत, मान किंचित तिरकी. पंचा उशाशी घडी करून ठेवलेला.

"सोडला कोणी?" मी विचारले.

"गाठ मीच बांधेल व्हती, सकायले मीच सोडी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मधमा कोनी हात लाया नही. दादा… त्यास्ना तोंडमाईन शबुद निंघना नही. मंग कोन म्हने?"

त्यांनी चिमणीचा दिवा उचलून जवळ आणला, आणि बोटाने दाखविले.

मास्तरांच्या उजव्या कानाच्या पाळीवर काहीतरी लागले होते. गुलाबीसर पांढरे. बोटाच्या पेराएवढे, कोणी ओठ टेकवून बोलल्यासारखे. मी वाकलो. खोबरेल तेलात कालविलेल्या सफेद्याचा वास… नाटकातली माणसे तोंडाला रंग लावतात, तो. गावच्या उत्सवात लहानपणी मी पडदा ओढीत असे. तो वास मी विसरणे शक्य नाही.

आम्ही तो पुसला नाही. दोघांचाही हात पुढे झाला नाही. रंग ओला होता.